हाताला एक सूत

आधी मी खडूने आकडे घातले.
फाटकापासून नळापर्यंत एकेचाळीस फरशा,
वहीत प्रत्येकीसमोर शेरा:
चार, कोपरा उडालेला.
सात, डुगडुगते.
अकरा, कडुनिंबाच्या मुळाने उचललेली.
एकोणीस आणि वीस, मधे बोटभर फट,
फटीत मुंग्यांचा कारभार.
छत्तीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
दुसऱ्यांच्या जमाखर्चावर आक्षेप काढले,
स्वतःच्या अंगणावर काढायला निवृत्ती उजाडली.

हल्केराम आला लष्करातून सायकलवर,
दांड्याला पहार, पिशवीत करणी, थापी,
गळ्यात पाण्याने भरलेली लांब नळी.
माझी वही त्याने उलटीच धरली,
म्हणाला, "बहनजी, लिखा तो अच्छा है,"
आणि हातोड्याच्या मुठीने
एकेक फरशी वाजवत निघाला, मान तिरकी करून.
भरीव. भरीव. पोकळ.
त्याचे आक्षेप माझ्याहून चार जास्त निघाले.

मला रस्ता हवा होता साफ सपाट.
अण्णांसाठी.
काचबिंदूने त्यांचं जग दोन्ही बाजूंनी कातरत आणलंय,
मधे उरलाय किल्लीच्या भोकाएवढा उजेड.
हल्केराम म्हणाला, सपाट नको.
पाणी थांबेल, शेवाळ धरेल,
मग भैयाजी पडतील ते सपाटीवरच.
हाताला एक सूत ढाळ ठेवू.
सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
पैशापैशाचा मेळ घातला मी जन्मभर,
इतका बारीक कललेला मेळ
कुणी शिकवला नव्हता.

नळाकडून फाटकाकडे उकरत आला तो.
एकोणिसाखाली चौकोनी पाच पैसे
आणि एक रागावलेला बेडूक.
त्याच्या भाच्याने, बिन्नूने, बेडूक घमेल्यातून
अळूत नेऊन सोडला.
संध्याकाळी तो परत, वाळूच्या ढिगावर.
अकराखालचं मूळ मनगटाएवढं.
मी म्हटलं तोडा.
त्याने रस्ताच दोन बोटं सरकवला.

चौथ्या सकाळी अण्णा
फाटकातून दुधाची पिशवी घेऊन आत आले
आणि थांबले.
काठी पुढे, काठी मागे.
"लिंबू कुठे गेलं?"
लिंबू होतं तिथेच, हातभरावर.
"तू काहीतरी पुसलंस," म्हणाले.
मग कळलं:
चौथीचा तुटका कोपरा म्हणजे मोगरा,
सातवी खट वाजली की लिंबू, डावीकडे वळायचं,
अकरावीचा उंचवटा म्हणजे मान खाली,
पुढे कपड्यांची दोरी.
आणि मी वाळू-सिमेंट एकास पाच करून
त्यांची अक्षरं बुजवली होती.
तीन दिवसांची मजुरी देऊन.

सांधे भरायला आलेल्या हल्केरामला म्हटलं,
सातवी पुन्हा सैल कर.
त्याला लागलं ते.
डुगडुगती फरशी मी बसवत नाही, म्हणाला,
लोग नाम लेंगे.
कट्ट्यावर बसून बिडी ओढली अर्धी,
अर्धी कानामागे ठेवली,
पहार घातली, सातवी उपटली
आणि पालथी केली.

तांब्याभर पाण्याने धुतल्यावर दिसलं:
पाठीवर लाटा.
बोटाच्या अंतरावर एकेक, गोठलेल्या.
"यहीं की खदान का है," तो म्हणाला,
"पानी में बना पत्थर है।"
म्हणजे इथे, या कोरड्या ग्वाल्हेरात,
कधीतरी पाणी उभं होतं
आणि जाताना त्यालाही
वाळू सपाट करून जाता आलं नव्हतं.

लाटा वर करून बसवली. नळी लावून पाहिली.
ढाळ तोच, एक सूत.

अण्णांनी चप्पल काढली.
पाऊल ठेवलं. उचललं नाही बराच वेळ.
अंगठा तेवढा हलत होता,
आडवा, एकेका लाटेवरून.
"हं," म्हणाले, "सात,"
आणि डावीकडे वळले.

फरशी उलटी करायचे पैसे हल्केरामने घेतले नाहीत.
वहीत लिहिलं: सात, पालथी. आक्षेप नाही.

बेडूक मात्र अजून येतो रात्री,
एकोणीस आणि वीसच्या सांध्यापाशी बसतो,
सिमेंटला तोंड लावून.
त्याच्या रकान्यात काय लिहावं
ते सुचलेलं नाही.